आज खालची, उद्या वरची

"यंदापासून पालखी कुठं पोचली म्हणून कुणी कुणाला फोन करायचा नाही!" दीपेशने जुगाईच्या देवळात, भर सभेत, छाती पुढे काढून जाहीर केलं. "माझ्या स्क्रीनवर जे दिसेल तेच अख्ख्या गावाच्या मोबाइलवर दिसेल. इथं एक आणि तिथं दुसरंच, असं होणारच नाही. झालं तर मिशी उतरवीन!"

आता, दीपेशला मिशी नाही. पण घोषणेच्या भरात ते ना त्याच्या ध्यानात आलं, ना गावाच्या. गावाने टाळ्या वाजवल्या.

तोणवली हे रत्नागिरीपासून जवळच, खाडीकाठचं गाव. पाण्याला लागून खालची वाडी. तिथे होड्या, जाळी आणि मासळी. चढण चढून गेलं की कातळावर वरची वाडी. तिथे भात, आंबा आणि काजू. दोन्ही वाड्यांचे रस्ते जिथे फुटतात तो तिठा, आणि तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर जुगाईचं देऊळ. शिमगा आला की जुगाई पालखीत बसून घरोघर निघते. कुठल्या दिवशी कुठली वाडी, हे आधी ठरतं आणि मग शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहतं. कुणाची गाडी उशिरा येते, कुणाला सुतक लागतं, कुणाची होडी समुद्रात अडकते. मुंबईचा चाकरमानी एक वेळ स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचेल, पण पालखी अंगणात आली आणि दाराला कुलूप, असं तो होऊ देणार नाही. त्यामुळे शिमग्यात पालखीचे मानकरी, गावकर दत्ताराम अण्णांचा फोन दिवसभर कोकलत असे. "अण्णा, पालखी खंय... कुठं पोचली?" अण्णांच्या एका खांद्यावर पालखी आणि दुसऱ्या खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन, असा त्यांचा फोटोसुद्धा गावात आहे.

दीपेश हा मुंबईच्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतो, तोही गावात घरी बसून. म्हणजे नक्की काय करतो हे गावाला कळलेलं नाही. "कॉम्प्युटरातली कपाटं झाडतो" इथवर गाव आलेलं आहे. ही कपाटं उघडून बघायचं, आवरायचं, आतलं इकडचं तिकडे करायचं एक सॉफ्टवेअर असतं. दीपेशने त्याच सॉफ्टवेअरमध्ये गावातली सगळी घरं भरली, घरासमोर वार घातला आणि एक खास कळ बनवली. तिचं नाव ठेवलं 'अदलाबदल'. ती दाबली की आजची वाडी उद्यावर आणि उद्याची आजवर! शिवाय बदल झाला रे झाला, की गावाच्या ग्रुपवर आपोआप निरोप.

दत्ताराम अण्णा तर या प्रकारावर फिदाच झाले. मुंबईच्या मुलाने नवा फोन दिल्यापासून त्यांना काहीतरी वाचायला हवंच होतं. त्यांनी फतवा काढला, "आता तोंडी कायपण चालनार नाय. मोबाइलवर आलं म्हंजे आलं. त्यात मग देवाचापण इलाज नाय."

एवढी सगळी पूर्वतयारी दीपेशच्या पायाखालची जमीन सरकण्यासाठी होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

झालं असं. आज पालखी वरच्या वाडीत आणि उद्या खालच्या वाडीत, असं ठरलेलं होतं. काल संध्याकाळी खालच्या वाडीतली गुणवंती काकी दीपेशच्या ओटीवर येऊन बसली. पदराने कपाळ पुसत राहिली.

"काय गं काकी?"

"आमच्या सुजयला बोलावणं आलंय रे. जहाजावर लवकर हजर व्हायचंय. उद्या दुपारच्या गाडीनं निगायचं."

सुजय म्हणजे काकीचा एकुलता एक मुलगा. मोठ्या मालवाहू जहाजावर कामाला. गेले कितीतरी शिमगे त्याने पालखी फोनवर बघितली होती, तीसुद्धा अडकत अडकत. मागच्या खेपेला त्याचं जहाज वादळात सापडलं तेव्हा काकी जुगाईला नवस बोलली होती, "पोर धड घरी येऊदे, तुजी पालखी माज्या अंगणात त्याच्या खांद्यावर नाचवीन." पोर धड घरी आलं. आणि आता पालखी यायच्या आदल्या दिवशीच निघून चाललं!

"तुज्या त्या मशीनमदी आमची वाडी उद्या घेता येल काय रे बाबा?" काकी म्हणाली. "बोललेला नवस ऱ्हायला तर मला झोप नाय लागायची. ते पोर पाण्यावर असतं."

दीपेश माणूस पडला तंत्रज्ञ. लगेच म्हणाला, "काकी, तू काळजीच करू नको. एक कळ दाबायची. चहा निवायच्या आत काम!"

फक्त वरच्या वाडीच्या महिपतरावांचा होकार हवा होता. आणि महिपतराव आणि गुणवंती काकी यांचं बोलणं बंद. कारण, बांधावरचा गडगा. काकीचा एक काजूचा तुकडा वर कातळाजवळ आहे, महिपतरावांच्या बागेला लागून, आणि मधला चिऱ्याचा गडगा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो असं दोघांचंही म्हणणं. अण्णांनी मध्ये पडून महिपतरावांना राजी केलं. महिपतराव म्हणाले, "पोरासाटी करतंय, तिच्यासाटी नाय. आणि मोबाइलवर आल्याबिगर मी काय मानायचा नाय. तोंडी मानसं कायपण बोलतात."

तेव्हा ठरलं ते असं, की सकाळी दीपेश बदल करणार, निरोप येणार आणि निरोप बघून पालखी उचलायची.

सकाळी दीपेश लॅपटॉप उघडून ओटीवर बसला. घरात रेंज नाही. ती मिळते फक्त अंगणातल्या कलमाच्या शेंड्याजवळ. म्हणून त्याचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आंबे काढायच्या झेल्याला बांधून, झेला फांदीला टेकवून उभा केलेला. फोन वर लटकून इंटरनेट गोळा करतो आणि खाली लॅपटॉपला पुरवतो. तोणवलीची ही व्यवस्था कंपनीच्या मुंबईतल्या साहेबांना माहीत नाही, ते एक बरंच आहे.

आत बायको भाविका तांदळाची घावनं घालत होती. दीपेशने चहाचा एक घोट घेतला आणि ऐटीत 'अदलाबदल' दाबलं.

स्क्रीनवर होतं तेच राहिलं. आज वरची वाडी. उद्या खालची वाडी.

"हं?" दीपेश म्हणाला. रेंज गेली असेल म्हणून त्याने झेला जरा हलवला. पुन्हा दाबलं. आज वरची, उद्या खालची.

आता तुम्ही आम्ही असतो तर थांबलो असतो. पण कपाटं झाडणाऱ्या माणसाची गंमत अशी, की दार उघडलं नाही तर तो दार ठोठावत सुटतो. दीपेशने पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं, जणू काही जोर लावल्याने वाडी हलणार होती! मग मनात जुगाईचं नाव घेऊन दाबलं. मग डाव्या हाताने दाबलं.

"काय ठोकाठोक चाललीय?" आतून भाविका.

"होत नाहीये गं. बदलच होत नाहीये!"

"मग नीट बघा ना."

"बघतोच आहे! डोळे फाडून बघतोय. हे बघ, आज वरची!"

भाविका उलथनं हातात घेऊन बाहेर आली, स्क्रीनकडे बघितलं आणि परत आत गेली, कारण तव्यावरचं घावन करपत होतं. दीपेशने सॉफ्टवेअर बंद न करता त्याला शिव्या घातल्या आणि पुन्हा दोनदा दाबलं.

खाली आणि वर या वेळात काय चाललं होतं, ते दीपेशला दिसत नव्हतं. ते मी सांगतो.

पहिला निरोप आला, 'आज पालखी खालच्या वाडीत'. खालच्या वाडीत एकच धावपळ उडाली. सडे पडले, रांगोळ्या निघाल्या, सुकत घातलेली जाळी अंगणातून उचलली गेली. गुणवंती काकीने ओटीचं ताट भरलं आणि सुजयने नवा सदरा घातला. रांगोळीचे ठिपके जोडून होत नाहीत तोच दुसरा निरोप, 'आज पालखी वरच्या वाडीत'. खालच्या वाडीने कपाळाला हात लावला. तिकडे वरती महिपतराव नुकतेच पायजम्यात शिरले होते, ते ओरडत न्हाणीघराकडे पळाले, आंघोळ करून धोतर नेसले. कासोटा खोचतायत तोच तिसरा निरोप, 'आज पालखी खालच्या वाडीत'. महिपतरावांनी धोतर सोडलं. चौथा निरोप. महिपतरावांनी धोतर नेसलं. त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं की त्या सकाळी मामंजी धोतरात होते त्यापेक्षा धोतराबाहेरच जास्त होते.

आणि पालखी? पालखी देवळातून पहिल्या निरोपालाच निघाली होती. तिठ्यावर आली, खाली वळली. चार पावलं गेली असेल-नसेल तोच अण्णांचा फोन टुणटुणला. अण्णांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आज पालखी वरच्या वाडीत." पालखी मागे फिरली, वर वळली. पुन्हा टुणटुण. पालखी खाली वळली. ढोलवाल्यांना चालीचा ठेका सोडून एका जागी वाजवायचा ठेका धरावा लागला. भोई घामाघूम झाले. कुणालाच काही कळेना. आणि आपल्याकडे पालखी पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही, म्हणजे काय झालं हे सांगायला शास्त्री लागत नाही. खालच्या वाडीतली येसूबाई, जिने तोणवलीला आजवर ताजी मासळी खिलवली असं तिचं म्हणणं आहे, तिने मोठ्याने गळा काढला, "देवी अडली गो बाय! जुगाई अडली!"

ढोल थांबले.

ढोल थांबले तेव्हा दीपेश पहिल्यांदा स्क्रीनवरून वर बघून म्हणाला, "पालखी निघाली नाही वाटतं अजून?" आणि तेवढ्यात कुंपणाच्या बेड्याला धडकत सुजय अंगणात शिरला. नव्या सदऱ्याला घामाच्या धारा लागलेल्या.

"दादा! देवी अडलीय तिठ्यावर! खाली वळली की वर फिरते, वर वळली की खाली फिरते! आई रडत बसलीय. म्हणते, माझ्या नवसातच काहीतरी खोट झाली!"

"खाली-वर?" दीपेश म्हणाला. "कुणाच्या सांगण्यावरून?"

"मोबाइलच्या!"

दीपेशने झेला खाली ओढला, पिशवी फाडली, फोन बाहेर काढला. ग्रुपवर निरोपांची माळ लागली होती. आज खालची. आज वरची. आज खालची. आज वरची. पार वरपर्यंत.

मग त्याचं लक्ष त्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या गोल बाणाकडे गेलं. तो बाण म्हणजे रिफ्रेश. सॉफ्टवेअर कपाटात डोकावून एकदाच यादी आणतं आणि समोर मांडतं. नंतर कपाटात काय हलवलं ते त्या समोरच्या यादीत आपोआप येत नाही. बाण दाबला की ते पुन्हा डोकावून येतं. दीपेश स्क्रीनवर बघत होता ती सकाळी उठल्या उठल्या आणलेली शिळी यादी! पहिल्याच दाबण्यात बदल झाला होता. दुसऱ्याने तो उलटला होता, तिसऱ्याने पुन्हा झाला होता. आतमध्ये भाविका घावन एका बाजूने उलटत होती आणि बाहेर हा दोन वाड्या उलटत बसला होता!

आपोआप रिफ्रेश व्हायची सोय होती. ती काल त्यानेच बंद केली होती. नेटचा पॅक संपत आला होता म्हणून.

आणि हाच दीपेश कंपनीतल्या नव्या पोरांना दिवसातून सतरा वेळा सुनावतो, "आधी रिफ्रेश करा, मग बोंब मारा!" शिमग्यात बोंब मारायला बंदी नाही, एवढाच काय तो त्याला आधार होता.

"चल!" लॅपटॉप बगलेत मारून तो सुजयबरोबर उताराने धावत सुटला. मागून भाविकाही निघाली, हातात उलथनं तसंच.

तिठ्यावर गाव जमलं होतं. पालखी मधोमध उतरवून ठेवलेली. अण्णा हात जोडून, डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होते.

"हे आई जुगाई! तू वाटेत थांबलीस. तुज्या लेकरांकडनं काय चुकलं माकलं असंल..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"...तर ते ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, आनि तू आमची वाट मोकळी कर!"

"व्हय म्हाराजा!"

"अण्णा!" दीपेश धापा टाकत गर्दीत घुसला. "अण्णा, थांबा! देवी अडलेली नाही!"

"गप ऱ्हा रे," येसूबाई म्हणाली आणि पदर खोचून पुढे झाली. पालखीकडे बघत तिने ठणकावून सांगितलं, "आई, मी कालची कोळंबी आजची म्हनून विकली. परवा."

"तरीच!" मागून भाविका ओरडली.

एकदा बांध फुटल्यावर काय! ढोलवाल्या बाबूने कबूल केलं की भावाच्या मोटरसायकलचा आरसा त्यानेच फोडला होता आणि आळ बैलावर घातला होता. वरच्या वाडीतल्या दीपकने सांगितलं की होळीसाठी त्याने देवराईतला वासा तोडून आणला, आपल्या आंब्याचा आहे असं सांगून. गाव दर कबुलीला माना डोलवत होतं, आणि कबुली झाली की सगळे पालखीकडे बघत होते. पालखी कशाला हलते!

"अण्णा, माझी चूक आहे!" दीपेश शेवटी घसा ताणून ओरडला. "सगळी माझी चूक!"

अण्णांनी डोळे उघडले. "बोल पोरा."

"मी रिफ्रेश केलं नाही."

अण्णांनी पुढचं ऐकायला कान दिला. "मग?"

"मग काही नाही. तेवढंच. स्क्रीन जुनी दाखवत होती. मला वाटलं बदल झाला नाही, म्हणून मी परत परत दाबत राहिलो."

गावाने एकमेकांकडे बघितलं. बाबू म्हणाला, "ही कसली चूक? मानसानं चूक सांगावी तर चुकीसारकी!"

"मोटं कायतरी लपवतोय," येसूबाई म्हणाली. "बगा कसा घामाघूम झालाय!"

"अहो, मी धावत आलोय!"

"खरं सांग रे," दीपक म्हणाला, "देवी ताटकळलीय."

"अरे, हेच खरं आहे! डेटाबेसमध्ये एक असतं आणि दिसतं दुसरंच..."

"बगा, आला मुद्द्यावर!" येसूबाई म्हणाली. "आत एक आनि भायेर एक! सांग, काय ते सांगून टाक!"

चारी बाजूंनी गाव. मध्ये पालखी. पालखीत चांदीच्या डोळ्यांची जुगाई, रोखून बघत असलेली. एका बाजूला सुजय घड्याळ बघतोय. त्याच्या मागे गुणवंती काकी, हातात ओटीचं ताट, रडून डोळे सुजलेले. दीपेशला काय झालं कोण जाणे. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंना शिमग्याला यायचं होतं. मी सांगितलं, गाड्या फुल्ल आहेत, तिकीट मिळत नाही. मी तिकीट बघितलंच नव्हतं!"

"आता कशी चुकीसारकी चूक!" गाव समाधानाने म्हणालं.

मागे उलथनं हवेत स्थिर झालं. दीपेशने मागे वळून बघायचं टाळलं.

आणि मग एक आवाज आला. "दत्ताराम, थांब. माजं ऱ्हायलंय."

महिपतराव. अर्धं धोतर, वर बनियन. ते पुढे आले, पालखीला हात लावला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "गडगा मी सरकवला. पावसात ढासळला तवा परत रचताना गुनवंतीच्या काजूत रचला. दर वर्षी जरा जरा. काजूचं एक कलम आत घेतलं. चांगलं धरतंय ते कलम." मग आवाज आणखी खाली गेला. "आज सकाळपासून धोतर नेसतोय नि सोडतोय. तवाच कळलं, आई माज्यावरच रागावलीय."

सगळ्यांनी गुणवंती काकीकडे बघितलं. काकीने ताट सुजयच्या हातात दिलं. आता ही काय तोंडसुख घेणार म्हणून गावाने श्वास रोखला. काकी म्हणाली, "महिपत भावोजी, म्हाईत होतं मला. म्हनून तर मी दर दिवाळीला येऊन ते चिरे परत सरकवत होते."

"काय?"

"तुमच्या बागेच्या आंगाला. जरा जास्तच."

महिपतरावांनी कपाळावर हात मारला. "तरीच! मला वाटायचं, पावसानं ढासळतोय! म्हनून मी परत..."

"आनि मला वाटायचं तुमी परत..."

"म्हंजे आता गडगा हाय कुनाच्या जागंत?" अण्णांनी विचारलं.

दोघांनाही सांगता येईना. दीपेशला मात्र एकदम हसू फुटलं, इतकं की त्याला लॅपटॉप छातीशी धरून तोंड लपवावं लागलं. या गावात अदलाबदलीची कळ त्याच्या कितीतरी आधीपासून होती! आणि रिफ्रेश कुणीच केलं नव्हतं.

"तो कुटं का असंना," महिपतराव म्हणाले. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बनियनने पुसलं. "मोजनी नंतर करू. आदी पालखी खाली ने. पोराची गाडी चुकंल."

"पन मोबाइलवर..." अण्णा म्हणाले.

"मोबाइल गेला खाडीत! मी तोंडी सांगतोय!"

भोयांनी पालखी उचलली. ढोल कडाडले. आणि काय सांगू, इतका वेळ तिठ्यावर खिळलेली ती पालखी अशी झरझर उताराने निघाली, की वाटेतल्या रांगोळ्या वाचवायला बायकांना पुढे धावावं लागलं. गुणवंती काकीच्या अंगणात अण्णांनी पुढचा दांडा सुजयच्या खांद्यावर दिला. महिनोन्‌महिने लोखंडाच्या डेकवर चालणारं ते पोर, मातीच्या अंगणात असं नाचलं, असं नाचलं की दांड्याची गोंडेदार झूल त्याच्या तोंडावर येत होती आणि त्याला ती बाजूला करायचंही भान नव्हतं. काकी ओटी भरताना हसत होती, रडत होती आणि मधूनच महिपतरावांना सरबत द्यायला शेजारणीला सांगत होती. जहाजावरच्या मुलाची आई असणं म्हणजे काय ते दीपेशला त्या दिवशी कळलं. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं चांगलंच मोठं होतं.

तो काकीच्या ओटीच्या कडेला टेकला, लॅपटॉप उघडला. इथे खाडीची मोकळी हवा आणि पुरती रेंज. त्याने मुकाट्याने गोल बाण दाबला. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि भरली. आज वरची वाडी. उद्या खालची वाडी.

म्हणजे इतकं दाबून, इतकं धावून, यादी होती तिथेच परत आली होती!

त्याने 'अदलाबदल' दाबलं. एकदा. हात मागे घेतला, हातावर बसलाच म्हणा ना. मग बाण दाबला. आज खालची वाडी.

त्याच क्षणी अंगणातल्या सगळ्यांच्या खिशांत, कनवटीला, पदरात एकदम टुणटुण झालं. अण्णांनी चष्मा लावला, वाचलं आणि फोन डोक्यावर धरून आरोळी ठोकली, "बगा! आईचा कौल आला! आज खालच्या वाडीत!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

सुजय वेळेत स्टेशनला पोचला. निघताना त्याने दीपेशला मिठी मारली. "दादा, थँक्यू. तू केलंस म्हणून झालं!"

संध्याकाळी दत्ताराम अण्णा त्याच्या ओटीवर आले. चहा घेतला. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "दीपेश, ते तू कायतरी म्हनत होतास. रिफ्रेश."

"हो अण्णा. आता कायमचं चालू ठेवलंय. पुन्हा असं होणार नाही, शब्द देतो."

"तसं नको करूस," अण्णा म्हणाले. "पुढल्या शिमग्याला ती कळ अशीच दोन-चार येळा जास्त दाब. विहिरीवरनं चुलत्या-पुतन्यांचं भांडन ऱ्हायलंय."

दीपेश ताडकन उठला. "म्हणजे अण्णा, तुम्हाला तिठ्यावरच कळलं होतं?"

"मला काय कळतंय, मी जुना मानूस," अण्णा चपला शोधत म्हणाले. "आई अडली होती, तेवढं म्हाईत हाय." आणि निघून गेले.

दीपेश ओटीच्या खांबाला टेकून बसला. गार वारा सुटला होता, गाव खूश होतं, काकीचा नवस फिटला होता, आणि मिशी नसल्यामुळे तीही वाचली होती. त्याने सुखाने डोळे मिटले.

"अहो," आतून भाविकाचा आवाज आला. दुपारपासून तिने उच्चारलेला हा पहिलाच शब्द. "आईचं उद्याचं तिकीट काढलंय. महिनाभर राहणार आहे."

"मिळालं?" दीपेशने अगदी बारीक आवाजात विचारलं. "नक्की? कधी कधी स्क्रीनवर चुकीचं दिसतं बरं का..."

"मिळालं," भाविका म्हणाली. "दोनदा रिफ्रेश करून बघितलं मी."